मामांच्या बंदुकीची टोपी

मराठीचा प्राध्यापक बंदुकीवर लेख लिहितो आहे, ही बातमी आमच्या महाविद्यालयात फुटली तेव्हा साऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी "आमच्या वावरात ढोरं घालू नका" असा दम भरला. रसायनशास्त्राच्या बाईंनी तर, मी एकदा घरची शेगडी पेटवताना भिवई जाळून घेतली होती, त्याची आठवण सर्वांना करून दिली. त्यांचे हसणे रास्तच होते. दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळसुद्धा मी उदबत्ती काठीला बांधून लांबूनच लावतो. परंतु गेल्या वर्षी माझ्या मामांच्या शेतात एक प्रसंग असा घडला की, तुरीच्या दाण्याहून मोठी नसलेल्या एका तांब्याच्या टोपीपायी मला अमरावती, अकोला आणि अकोट अशा चार-पाच खेपा घालाव्या लागल्या. त्या खेपांत जे शिकलो ते पुस्तकांत शोधून सापडले नसते, म्हणून हा उद्योग.

माझे आजोळ अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. घराच्या माडीवरून उत्तरेकडे पाहिले की नरनाळ्याचा डोंगर दिसतो. काळी कसदार जमीन, कापूस, तूर, ज्वारी, आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे मका नाही तर संत्र्याची झाडे. एवढे सारे असूनही त्या गावचा शेतकरी रात्री घरात निजत नाही. तो 'जागली'ला जातो. शहरातल्या वाचकांना जागल हा शब्द ठाऊक असेलच असे नाही. शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधायचा, त्यावर घोंगडी टाकायची, आणि उभे पीक घरात येईपर्यंत रात्र रात्र ओरडत, डबे बडवीत बसायचे, याचे नाव जागल. शत्रू दोन. एक रोही, म्हणजे नीलगाय, आणि दुसरे रानडुक्कर. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे खुडून जातो. डुकरे खात थोडी, पण लोळून, उकरून नासधूस फार करतात. त्यांना अडवायला लोकांनी काय काय केले आहे म्हणून सांगू! पुऱ्या शेताभोवती जुन्या लुगड्यांचे आणि पातळांचे कुंपण बांधतात. सकाळच्या वाऱ्यात ती रंगीबेरंगी रांग हलताना पाहिली की एखाद्या लग्नघरचे वाळवण वाटावे. अलीकडे बॅटरीवर चालणारी झटका मशीन आली आहेत. पण डुक्कर हे जनावर मोठे अभ्यासू. पंधरा दिवसांत ते पातळांनाही सरावते आणि तारेखालून घुसायची जागाही हुडकून काढते.

आमच्या मामांपाशी याखेरीज एक ठासणीची बंदूक आहे. ती माझ्या आजोबांनी घेतलेली. एका नळीची, दस्त्याला एके ठिकाणी पितळेची पट्टी मारलेली, आणि उंचीला माझ्या खांद्याइतकी. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने सारे ठासायचे आणि मागे घोड्याखाली टोपी बसवायची. ही वस्तू इतिहासजमा झाली असेल असे आपणास वाटते, परंतु कायदा तिला अजून ओळखतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात शेतपिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. त्या परवान्यावर आजोबांनी ती बाळगली, आणि त्यांच्या मागे रीतसर अर्ज करून मामांनी.

आता तो प्रसंग. गेल्या वर्षी नवरात्राचे दिवस होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि मका ऐन भरात आला होता. मामा माळ्यावर होते, आणि खाली सालदाराचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हातात बॅटरी घेऊन उभा होता. मध्यरात्रीनंतर मका करकर वाजू लागला. मामांनी, नुसत्या आवाजाने भागत नाही म्हणून, त्या दिवशी छर्रे घातलेले होते. नाल्याच्या बांधाकडे नळी करून त्यांनी चाप ओढला. टच्च! बार नाही. टोपी बदलली, पुन्हा ओढला. या वेळी टोपी फुटली, तिची ठिणगी दिसली, पण आतली दारू मुकी. मामांना वाटले, बार बसला. 'काय झाले' म्हणून पाहायला त्यांनी नळी खाली केली, आणि नेमक्या त्याच क्षणी बार उडाला. त्या पोराच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत खड्डा पडला.

पोराला खरचटलेही नाही. पण मामा दोन दिवस जेवले नाहीत. मामींनी जाहीर केले की, एक तर ही बला ठाण्यात जमा करा, नाही तर मी माहेरी जाते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मामींना माहेर कुठले उरले आहे हा प्रश्नच होता, पण तो विचारण्याची ती वेळ नव्हती. दसऱ्याला मी सोने द्यायला गेलो तेव्हा मामांनी मला ओसरीवर बाजूला घेतले. म्हणाले, "भाचा, तू कालेजात शिकोते, तुले चार लोक वयखतात. पाह्य बापा, चांगल्या टोप्या कोठी भेटते ते. नाही भेटल्या, त मी हे बंदूक देऊनच टाकतो. आज पोट्टं वाचलं. उद्या कोन पाह्यलं?"

मी हो म्हणालो आणि अमरावतीला परतताच, प्राध्यापकाची खोड म्हणा ना, आधी ग्रंथालयात गेलो.

या टोपीचा जनक एक पाद्री आहे, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. अलेक्झांडर फॉर्सिथ हा स्कॉटलंडमधील बेलहेल्वी नावाच्या खेड्यातला धर्मोपदेशक. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. त्या काळच्या बंदुका चकमकीच्या. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी कानातल्या रंजकावर पडायची, रंजक भपकन् पेटायचे आणि मग आतला बार. त्या भपक्याच्या उजेडाने पक्षी सावध होऊन उडून जात. या पाद्रीबुवांनी ठरवले की ठिणगीच नको, आघातानेच पेट घेईल असे काही हवे. पाऱ्यापासून होणारे तसे एक स्फोटक हॉवर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने 1800 साली वर्णिले होतेच. फॉर्सिथने अशा आघाताने पेटणाऱ्या मसाल्यावर चालणारी कळ तयार करून 1807 साली तिचे पेटंट घेतले. पुढे इतरांनी तो मसाला तांब्याच्या इवल्या टोपीत बसवला. चिमण्या चुकतात म्हणून एका धर्मोपदेशकाने केलेल्या खटपटीने साऱ्या जगाच्या लढाया बदलल्या!

किती बदलल्या, त्याचा एक आकडा देतो. 1834 साली इंग्लंडात वुलिच येथे दोन्ही जातींच्या बंदुकांतून सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीची बंदूक 922 वेळा दगा देती झाली, टोपीची अवघी 36 वेळा. म्हणजे जुनीचा दर साडेसहा बारांत एक फुसका, नवीचा एकशेसहासष्टांत एक. आणि ही झाली कोरड्या मैदानावरची गोष्ट. 1841 च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ मद्रासच्या सदतिसाव्या पलटणीची एक तुकडी धो धो पावसात शत्रूच्या गर्दीत अडकली. शिपायांच्या चकमकी भिजून गेल्या, एकही बार उडेना. त्यांना सोडवायला ज्या दोन तुकड्या धाडल्या, त्यांच्या हाती टोपीच्या बंदुका होत्या. त्या भर पावसातही उडाल्या आणि आपली माणसे वाचली. आमच्या वऱ्हाडातली अडगावची लढाई 29 नोव्हेंबर 1803 ची आणि गाविलगड पडला तो 15 डिसेंबरला, म्हणजे टोपीचा जन्म व्हायचा होता. तेथे वेलस्लीचे शिपाई गारगोटीवरच विसंबून होते. 1857 च्या काडतुसांची चरबी सर्वांना पाठ असते, पण ज्या बंदुकीसाठी ती काडतुसे होती ती 1853 ची एनफील्ड टोपीवर चालणारी होती, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. (इतिहासाच्या प्राध्यापकांनी हा परिच्छेद वाचून 'ठीक आहे' एवढेच म्हटले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.)

वाचता वाचता माझ्या स्वतःच्या वावरातलेही पीक हाती लागले. आपली भाषा या दारूगोळ्याने किती ठासून भरलेली आहे, पाहा! हे 'ठासून' तेथलेच. 'फुसका बार' तेथलाच. भांडणाला 'बत्ती' देतात ती तोफेची. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगीजांनी दिलेले शब्द. आणि 'रंजक' हा शब्द मोल्सवर्थने आपल्या कोशात बंदुकीच्या कानात घालावयाची दारू असा दिला आहे. आज आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'कथा रंजक आहे' असे वाचतो, तेव्हा तिच्या कानाशी कोणी काडी नेऊन पाहावी असे मला हल्ली वाटू लागले आहे.

पण ग्रंथालयात टोप्या मिळत नाहीत. त्या परवानाधारक दुकानातच घ्याव्या लागतात, परवान्यावर नोंद करून, आणि परवान्यात जेवढ्या लिहिल्या असतील तेवढ्याच. मामांनी दगा देणाऱ्या टोप्या घेतल्या त्या आमच्या या दोन शहरांपैकी एका दुकानातून. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या पुडीतल्या टोप्या मी ओसरीवर कागदावर ओतून पाहिल्या. निम्म्यांच्या कडांना हिरवट जंग चढला होता. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "साहेब, वर्षाकाठी दोन गिऱ्हाइके येतात. माल पडून राहतो. तुम्हाला नको तर ठेवून जा." त्याचेही खोटे नव्हते. पण त्या मुलाचा पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अमरावतीच्या एका वृद्ध मिस्तरींचा पत्ता दिला. बंदुका दुरुस्त करण्याचा त्यांचा रीतसर परवाना, आणि हा धंदा त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा.

मामा स्वतः परवाना खिशात घालून, बंदूक रिकामी करून, गोधडीत गुंडाळून माझ्या गाडीतून अमरावतीला आले. मी ती हातात घेतली नाही. परवाना त्यांच्या नावावर, माझ्या नाही. मामी मागच्या आसनावर, बंदुकीपासून जितके लांब बसता येईल तितक्या लांब. परतवाड्याला आम्ही चहा घेतला तेव्हाही त्या उतरल्या नाहीत. "हे चोरीले गेलं त बरंच हाय, पण नाव माहं येईन," म्हणाल्या.

मिस्तरींनी टोप्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी आधी बंदुकीचा घोडा उचलला आणि खालचे पोलादी बोंड, ज्याच्यावर टोपी बसते ते, भिंगातून निरखले. त्याला ते लोक निपलच म्हणतात. मग भिंग माझ्या हातात दिले. त्या बोंडाचे तोंड छत्रीसारखे पसरले होते, जुन्या छिन्नीचे डोके हातोडा खाऊन खाऊन पसरते तसे. "टोपी न लावता चाप ओढला जातो घरात?" त्यांनी विचारले. मामा गप्प. मी मात्र खाली पाहिले. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की, "मामा, चाप ओढा ना, टच्च करा ना!" असा हट्ट मीच धरत असे, आणि मामा रिकाम्या बंदुकीचा घोडा दहा-दहा वेळा पाडून दाखवीत. तांब्याची टोपी मध्ये असली म्हणजे ती घोड्याचा मार सोसते. नसली की पोलादावर पोलाद. तेव्हा वीतभर अंतरावरच्या त्या खड्ड्यात माझाही थोडा वाटा होता.

"लोक विचारतात, चांगली टोपी कोणती?" मिस्तरी म्हणाले. "मी म्हणतो, तुमच्या निपलला बसेल ती. टोपी बाटलीच्या बुचासारखी पाहिजे. अंगठ्याने दाबली की तळाला टेकली पाहिजे, आणि बंदूक उलटी केली तर पडली नाही पाहिजे." मग त्यांनी जे समजावले ते असे. टोपी घट्ट असली तर ती अर्ध्यावर अडते. घोड्याचा पहिला घाव तिला खाली रेटण्यातच खर्ची पडतो आणि मसाल्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या घावाला ती फुटते. म्हणून ज्याची बंदूक 'दुसऱ्यांदा हमखास उडते' त्याने टोपी घट्ट आहे असे समजावे. सैल असली तर चालता चालता गळून पडते, किंवा फुटल्यावर तिचे तुकडे घोड्याच्या सांध्यात अडकतात. ती चिमटीत चेपून बसवण्याची कित्येकांना सवय असते, ती वाईट. टोप्यांना आकड्यांची मापे असतात, दहा नंबर, अकरा नंबर अशी, पण एका कारखान्याचा अकरा दुसऱ्याच्या अकराशी जुळेलच असे नाही. तेव्हा नंबरावर जाऊ नये, बोंडावर जावे. फौजी बंदुकांच्या टोप्या निराळ्याच, मोठ्या आणि काठाला पाकळ्या असलेल्या, हॅटसारख्या. थंडीत बोटे बधिर झाली तरी शिपायाला पकडता याव्यात म्हणून तो काठ.

मग दुसरा आरोपी निघाला तेल. मामा बंदुकीची फार निगा राखीत. महिन्याला तेल घालीत, आणि ते तेल निपलच्या बारीक भोकात उतरून साचत असे. टोपीची ज्वाळा त्या भोकातून आत जायची, तिच्या वाटेत हा चिकट बोळा. याला उपाय म्हणून जुने शिकारी एक युक्ती करीत. नळी भरण्यापूर्वी, बंदूक पूर्ण रिकामी असताना, तोंड जमिनीपाशी गवताच्या पात्यासमोर धरायचे आणि नुसती टोपी फोडायची. पाते हलले तर वाट मोकळी. नाही हलले तर बंदूक भरायची नाही. एवढी साधी गोष्ट आजोबा करीत असल्याचे मामांना आठवले. "बुवा गवतापाशी टोपी फोडे, मले वाटे उगाच वाया घालवते," ते म्हणाले.

तिसरा आरोपी ओल. मसाला दमट झाला की मरतो, आणि काळी दारू तर हवेतले पाणी पिण्यात पटाईत. त्या रात्री टोपी फुटूनही बार मागाहून उडाला, त्याचे कारण बहुधा हेच असावे, तेलाने आणि ओलीने मेलेली दारू धुमसत राहिली. या दगाबाज क्षणाबद्दल मिस्तरी जे बोलले ते मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बंदूक जशी धरली आहे तशीच, तोंड निर्धोक दिशेला ठेवून, मनात शंभर आकडे मोजायचे. त्याआधी नळी खाली नाही, डोकावणे नाही, नवी टोपी नाही. मामा म्हणाले, "आकडे मले चुकतात. मारुतीस्तोत्र म्हनलं त चालन काय?" मिस्तरी हसले. "पुरे म्हणा. अर्धे नको."

मी आज्ञापत्र दर वर्षी शिकवतो. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारू अधूनमधून बाहेर काढून उन्हात वाळवावी, असे बजावले आहे. मुलांना तो भाग रुक्ष वाटतो आणि, कबूल करतो, मलाही वाटत असे. मामांची दारू आणि टोप्या एकाच पिशवीत, शेणाने सारवलेल्या खोलीत, बी-बियाण्याच्या कणगीमागे ठेवलेल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वीचा गृहस्थ आमच्यापेक्षा शहाणा होता. आता टोप्या घट्ट झाकणाच्या डब्यात, दारूपासून वेगळ्या खोलीत, कुलपात आहेत.

आजोबांच्या वेळच्या काही टोप्या विक्सच्या जुन्या डबीत शिल्लक होत्या. मामांना त्या वापरून पाहायच्या होत्या, कारण 'बुवाच्या टोपीनं कधी दगा नाही देल्ला'. मिस्तरींनी त्या उजेडात धरून पाहिल्या. चांगल्या टोपीत मसाल्याची चकती तळाशी सपाट, एकसारखी आणि लाखेखाली झाकलेली दिसते. यांच्यातली चकती तडकून तिचे कण सुटले होते. पाऱ्याचा मसाला वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात आपोआप खचतो. शिवाय जुन्या टोप्यांतल्या क्षारामुळे नळीला आतून गंज चढतो, म्हणून पूर्वी बार काढल्यावर त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवावी लागे. आजच्या टोप्यांतला मसाला निराळा, तो गंजवीत नाही. दारूची काजळी मात्र गंजवतेच, तेव्हा कढत पाणी सुटत नाही ते नाहीच. मिस्तरींनी त्या टोप्या नोंद करून आपल्याकडे ठेवून घेतल्या आणि डबी मामांना परत केली. मामांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली. मी पाहिले नाहीसे केले.

एका गोष्टीवर मात्र म्हातारबुवा चिडले. खेड्यांतून टोप्या मिळेनाशा झाल्या की लोक पोरांच्या दिवाळीच्या टिकल्या किंवा काडेपेटीचे गुल यांवर भागवू पाहतात. "हे खेळ आहे काय? ते कधी आणि किती जोराने फुटेल त्याचा नेम नाही. तुकडा डोळ्यात जाईल." त्यांच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचे छायाचित्र होते. उजवा डोळा मिटलेला. मी विचारले नाही.

नवे निपल बसवून आठ दिवसांनी बंदूक घरी आली. मिस्तरींचा शेवटचा सल्ला असा होता की, टोप्या एकदम भरपूर घेऊ नका. थोड्या घ्या, फोडून पाहा, आणि पसंत पडल्या तर त्याच गठ्ठ्यातल्या परवान्यापुरत्या घ्या. ही परीक्षा आम्ही शेतात घेतली. परीक्षक मामा, गुणपत्रक माझ्या हाती. रिकामी बंदूक, समोर गवताचे पाते, मामांच्या डोळ्यांवर माझा जुना चष्मा. हिरवट जंगाच्या दहांपैकी चार नव्या निपलवरही गप्प राहिल्या. नव्या आणलेल्या दहाच्या दहा फुटल्या आणि दहाही वेळा पाते हलले. गुन्हा टोपीचाही होता आणि निपलचाही, असा निकाल मी दिला. मामींनी तो ओट्यावरूनच ऐकला आणि म्हणाल्या, "अन् माणसाचा?"

त्या बोलण्यात फार काही होते. मामांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याला परवानाही नको आणि जागलही नको. 2024 साली लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या, तेव्हा मामांची बंदूक ठाण्यात जमा होती. ते दिवस झटका मशीन आणि पातळांवरच निघाले. डुकराला किंवा रोह्याला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात दोघेही आहेत. म्हणजे बंदूक उरली ती आवाजापुरती. मग आवाजापुरती तरी ती कशाला, असे मीही मामांना विचारून पाहिले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माळ्यावर एकटा मानूस रायते रे. हातात काही पाह्यजे." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण छर्रे घालणार नाही, नुसत्या दारूचा आणि बोळ्याचा बार काढीन, एवढा शब्द त्यांनी मामींना दिला, आणि तो माझ्यासमोर दिला.

यंदा मका पुन्हा भरात आला तेव्हा मी दोन रात्री त्यांच्याबरोबर माळ्यावर काढल्या. सालदाराचा तो मुलगाही होता. बापाने त्याला नको म्हटले होते, पण तो आला. फरक एवढाच की आता तो खाली उभा राहत नाही, माळ्यावर मामांच्या पाठीमागे बसतो, आणि बॅटरी मामांच्या खांद्यावरून धरतो. पहिली रात्र कोरडी गेली. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मका करकरला. मामांनी डबीतून टोपी काढली, अंगठ्याने दाबली, बंदूक जराशी तिरकी करून ती पडत नाही हे पाहिले. त्यांचा अंगठा थरथरत होता. नळी नाल्याच्या मातीच्या बांधाकडे केली. मी श्वास रोखला. त्या पोराने माझे मनगट घट्ट धरले होते, हे मला नंतर कळले.

चाप ओढला आणि टोपी आणि बार यांचा आवाज एकच झाला. मध्ये तिळाएवढीही फट नव्हती. पांढऱ्या धुराचा एक लोट मक्यावर पसरला आणि दिवाळीच्या पहाटेचा वास आला. मक्यातून पंधरा-वीस डुकरे खडखडत बांधापलीकडे गेली. मामांनी नळी तशीच धरून ठेवली होती, ओठ हलत होते. बार उडाला तरी सवयीने स्तोत्र चालू होते. ते पुरे होईपर्यंत आम्ही दोघेही हललो नाही.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातल्या माळ्यावरून हाक आली, "ओ पाटील, तुमची वरात इकडे कायले धाडता? मायाही मकाच हाय!"